तेविसावा पुठ्ठा

खालच्या मजल्यावरचे काका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी एखादी खिडकी उघडत. विचारत नसत. थंडी असो, डास असोत, बाहेरच्या धुरात समोरचा ब्लॉक दिसेनासा झालेला असो, काका आत आले की पडदा बाजूला, कडी वर, खिडकी उघडी. मग म्हणत, "हं, आता बसू या." सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मी राहायला आले त्या संध्याकाळीही त्यांनी हेच केलं. सामान लावून मी इतकी दमले होते, की हे गृहस्थ कोण आणि माझी खिडकी का उघडताहेत, हे विचारायचंही त्राण नव्हतं. खुलासा त्यांनीच केला. "माणूस आत आला की तेवढी हवा बाहेर जायला नको का?"

काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. मूळचे सांगलीचे, पण नोकरी सगळी दिल्लीत झालेली. त्यांच्या सेक्शनमध्ये दोघांचं वाजलं की ते कुणाचीच बाजू ऐकून घेत नसत. एकाला चहाला पाठवत, दुसऱ्याला झेरॉक्सला. "आधी कोंडलेली हवा जाऊ दे, मग नट-बोल्ट बघू." वीस मिनिटांनी दोघं परत येत तेव्हा भांडण कशावरून होतं तेच विसरलेले असत, असं काका सांगत. त्यांच्या सेक्शनमधल्या एका बाईंनी मला सांगितलं की भांडणं होती तशीच राहिली, चहा तेवढा वाढला.

हे सगळं तत्त्वज्ञान आलं होतं त्यांच्या मोटारसायकलमधून. वडिलांनी घेतलेली जुनी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची गाडी. काळी, जड, किक मारून सुरू होणारी आणि उभी राहील तिथे तेलाचा डाग सोडणारी. जुनी गाडी तेल टाकणारच, हे सगळ्या जगाने मान्य केलं होतं. काकांनी केलं नव्हतं. मेकॅनिक गॅस्केट बदलायचा, सील बदलायचा, वरून चिकट लेप थापायचा, आणि आठवड्याने थेंब पुन्हा हजर. "गळती हा रोग नाही, लक्षण आहे," काका म्हणत. रोग होता कोंडलेल्या हवेचा. पिस्टन खाली आला की इंजिनाच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला एक बारीकशी नळी दिलेली असते, ती पुरत नाही. मग हवा मिळेल त्या फटीतून निसटते आणि जाताना तेल घेऊन जाते. हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा समजावलं असेल. एकदा तर आमच्या घरातली सगळी दारं-खिडक्या लावून त्यांनी न्हाणीघराचं दार धाडकन ओढलं आणि तिकडे स्वयंपाकघराचं दार थरथरलेलं दाखवलं. "बघितलंत? स्वयंपाकघराच्या दाराचा काही दोष आहे का?" माझी मुलगी दचकून उठली आणि तासभर रडत राहिली, तो दोष कुणाचा ते मी विचारलं नाही.

पण माणूस उगाच एवढा हट्टाला पेटत नाही. त्यामागे एक साडी होती.

काकूंच्या आईची इरकल साडी, मोरपंखी रंगाची. ती नेसून काकू काकांच्या मागे बसून कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या गेस्ट हाऊसमध्ये हळदीकुंकवाला गेल्या होत्या. दिल्लीतली झाडून सगळी मराठी मंडळी तिथे जमायची. त्या गाडीची चेन डावीकडे, तेल उडायचं तेही डावीकडे, आणि साडी नेसलेली बाई पाय सोडून बसते तीही डावीकडेच. काकू हॉलमध्ये शिरल्या आणि कुठल्याशा साहेबांच्या बायकोने सगळ्यांदेखत विचारलं, "अहो, तुमच्या निऱ्यांना हे काय लागलंय?" निऱ्या वीतभर काळ्या झाल्या होत्या. संपूर्ण कार्यक्रम काकू साडीचा घोळ मांडीवर दुमडून भिंतीशी बसून राहिल्या. परत आल्या रिक्षाने. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "महिनाभर या गाडीखाली एक थेंब पडला नाही, तर बसेन. नाहीतर नाही."

रागाच्या भरात माणसं असं काहीबाही बोलतात आणि चार दिवसांनी विसरतात. काकूही विसरल्या असत्या. पण काकांनी दुसऱ्या दिवशी फाईल उघडली. खरीखुरी सरकारी फाईल, डावीकडे टिपणी, उजवीकडे कागदपत्रं. टिपणीच्या पहिल्या पानावर, पेन्सिलने: "सौ. यांची अट. तीस दिवस. थेंब: निरंक." निरंक म्हणजे काही नाही. मराठी टिपणीतला तो त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता. घरात साखर संपली तरी ते डब्यावर निरंक म्हणून चिठ्ठी लावत.

तेव्हापासून काकू कुठेही निघाल्या की ऑटोरिक्षाने जात, आणि काका त्याच रिक्षाच्या मागे मोटारसायकलवर. मी आले तेव्हा या वरातीला सात वर्षं झाली होती. मी काकूंना एकदा म्हटलं, "अहो, बसून टाका ना एकदाच्या." त्या म्हणाल्या, "मी आता बसते म्हटलं तरी हे बसवून घेणार नाहीत गं. अट पुरी झाली नाही म्हणतील. यांच्यापुढे माझीच जीभ मला नडली."

काकांचे प्रयोग चालू होते. हवेला बाहेर जाऊ देईल पण आत येऊ देणार नाही, अशी झडप त्यांना हवी होती. ब्लडप्रेशर मोजायच्या यंत्रातल्या फुग्याची झडप लावून झाली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी माशांच्या टाकीच्या पंपाची झडप आणली, आणि उलटी लावली. मग गाडी हवा आत घेत राहिली आणि बाहेर काहीच सोडेना. काका मार्केटच्या तोंडापर्यंत पोचले असतील नसतील, इंजिनाच्या प्रत्येक सांध्यातून तेल यायला लागलं. तिथे फुटपाथवर शर्ट विकणारा एक जण होता. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, आपकी गाडी रो रही है." आणि आपला माल खराब होऊ नये म्हणून त्याने शर्टाच्या घडीतले पांढरे पुठ्ठे काढून गाडीखाली सरकवले. दुसरा कुणी असता तर लाजेने निघून आला असता. काका वाकून पुठ्ठे बघत राहिले. पांढऱ्यावर थेंब किती स्वच्छ दिसतो, कुठून पडला तेही कळतं. त्या दिवसापासून तो शर्टवाला त्यांना आठवड्याचे पुठ्ठे बाजूला काढून ठेवायला लागला. रोज रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा, कोपऱ्यात तारीख, सकाळी पाहणी आणि फाईल. तारीख पेन्सिलनेच घालायची, कारण शाई तेलात फुटते.

शेवटी जे जमलं ते फरीदाबादला. तिथे लेथवर काम करणारे एक वयस्कर मिस्त्री होते. काका दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसत. मिस्त्री म्हणत, "साहब, पुराना इंजन टपकेगा नहीं तो क्या करेगा?" आणि तरी सांगितलेलं पितळेचं तोंड कातून देत. काकांना एक गोष्ट उमगली होती. झडप लांब नळीच्या टोकाला लावून उपयोग नाही, ती इंजिनाच्या पोटाशीच हवी, आणि पुढची नळी अंगठ्याएवढी जाड. पितळेच्या त्या तोंडात झडप म्हणून पोलादाची पातळ जिभली, तिथून नळी वर सीटखाली, आणि नळीबरोबर येणारा तेलाचा ओलावा साठायला हिंगाची रिकामी डबी, झाकणाला भोक पाडलेली. गाडी तापली की तेलाचा आणि हिंगाचा मिळून असा काही वास यायचा, की ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोक जेवणाच्या डब्यांची चौकशी करत. पण थेंब कमी झाले. रोजचे सहा होते ते आठवड्यातून एकावर आले.

आणि काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडणं. फरीदाबादला मुलाच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं होतं. काकांच्या गुडघ्याने तोवर राजीनामा दिला होता, डॉक्टरांनी किक मारायला साफ मनाई केली होती, आणि गाडी सांगलीला पुतण्याकडे रवाना होणार होती. रेल्वेचं पार्सल पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला ठरलं होतं. म्हणजे काकू त्या गाडीवर बसायच्या असतील तर याच महिन्यात. पुढे ना गाडी, ना गुडघा.

एके दिवशी काका वर आले, खिडकी उघडली आणि म्हणाले, "इन्स्पेक्टरीणबाई, साक्षीदार पाहिजे." मी वजन-मापं खात्यात आहे. "तुमच्या शिक्क्याशिवाय या देशात तराजू हलत नाही. माझ्या एकट्याच्या सहीवर सौ. विश्वास ठेवतील, पण मला ठेववत नाही. उद्यापासून साडेसहाला."

नाही कसं म्हणणार? नोव्हेंबर होता. नवरा भोपाळला पोस्टिंगवर, मुलगी दुसरीत आणि धुराने सतत खोकणारी, सातला तिची बस, नऊला माझी मेट्रो. त्यात साडेसहाला शाल गुंडाळून खाली जायचं, वाकायचं, पुठ्ठा बघायचा, "निरंक" लिहायचं, सही करायची. पहिले चार दिवस मजा वाटली. मग वाटेनाशी झाली. काका मात्र रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे असत. उभ्या गाडीची मोजणी खरी नाही म्हणून रोज संध्याकाळी ब्लॉकमधल्या कुणा मुलाकडून किक मारून घेऊन ते गाडी फिरवून आणत. सकाळी पुठ्ठा स्वतः आधी कधी बघत नसत. "आधी साक्षीदाराने बघायचं, मग पक्षकाराने. बिल्कुल कायद्याने."

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. हातात पिशवी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बावीस झाले ना गं?" मी हो म्हटलं. "ती इरकल इस्त्रीला टाकून आले. डाग काही जात नाही तिचा. म्हटलं, असू दे." आणि एखाद्या कॉलेजातल्या मुलीसारख्या भराभर खाली उतरून गेल्या. साठीला टेकलेली बाई. मला रात्रभर ते डोळ्यांपुढून जाईना.

तेविसाव्या दिवशी मी खाली गेले तेव्हा काका नव्हते. पुतण्याचा फोन आला होता म्हणून आत गेले होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी वाकले. पुठ्ठ्याच्या बरोबर मधोमध थेंब होता. मसुराएवढा.

मी त्या थेंबाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. नियमाने मोजणी पुन्हा एकपासून, आणि तीस दिवस कुणाकडे होते? मी फार दमलेले होते, हे मी सबब म्हणून सांगत नाही, होते म्हणून सांगते. वर मुलगी खोकत होती. सीटवर कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवलेला होता. मी त्यातला एक काढला, पर्समधल्या पेनने कोपऱ्यात तारीख घातली, खाली सरकवला आणि डागाचा पुठ्ठा शालीत घेतला. उभ्या आयुष्यात मी एक खोटा तराजू पास केलेला नाही. काका बाहेर आले तेव्हा मी नव्या पुठ्ठ्यावर "निरंक" लिहून सही करत होते. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, चष्मा वर सरकवून पाहिला आणि फाईलमध्ये ठेवला. "अच्छा," ते म्हणाले. "तेवीस." त्या दिवशी ते दुपारपर्यंत गाडीपाशीच काहीतरी खुडबुडत बसले होते, एवढं मला आठवतं.

पुढच्या सात दिवसांत थेंब पडला नाही. तिसावा दिवस रविवारचा होता. सकाळी कोवळं ऊन पडलं होतं, धूरही जरा विरळ होता. काकू ती मोरपंखी साडी नेसून खाली आल्या. निऱ्यांवरचा जुना डाग तसाच होता, त्यांनी तो लपवलाही नव्हता. डॉक्टरांची मनाई मोडून काकांनी किक मारली, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बसण्याआधी काकूंनी माझ्या गालाला हात लावला. "महिनाभर झोपमोड झाली तुझी. उद्यापासून झोप." मग त्यांनी एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला आणि दोघं कोपर्निकस मार्गाकडे निघून गेली, गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये थालीपीठ खायला. अकरा वर्षांनी एका वाहनावर. शेजारच्या चार बाल्कन्यांमधून लोक बघत होते. मी मात्र त्यांची पाठ वळेपर्यंतही नीट बघू शकले नाही.

दोन तासांनी परत आले. काकूंनी उतरून निऱ्या उजेडात धरून पाहिल्या. नवं काही नव्हतं. "गाडी बरी चालते," एवढंच म्हणाल्या. काका फडकं घेऊन टाकी पुसत बसले, चांगला अर्धा तास.

पेट्रोल काढून, गोणपाटात शिवून गाडी सांगलीला गेली. जायच्या दिवशी काकांनी फाईल दोऱ्याने बांधून माझ्या हातात दिली. "आमच्या नव्या घरात कपाट छोटं आहे. रेकॉर्ड तुमच्याकडे असू दे. बघा कधी सवडीने." मी ती कपाटाच्या सगळ्यात वर ठेवून दिली. सवड मिळाली नाही असं नाही. मला माझी सही बघायची नव्हती. तो डागाचा पुठ्ठाही मी टाकला नव्हता, मुलीच्या जन्मदाखल्याच्या पाकिटात घालून ठेवला होता. पुरावा नष्ट करणं काही हातून झालं नाही.

पुढे दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. मी काकांना फोनवर म्हटलं, "वेळेवर पाठवलीत." ते म्हणाले, "पुतण्या नळी साफ करत नाही हो. थंडीत तेलात वाफेचं पाणी मिसळून साय धरते आत, आणि वाट बंद होते." दोनदा फरीदाबादला जाऊन आले. दोन्ही वेळा ठरवून गेले होते, आज सांगून टाकायचं. दोन्ही वेळा काकांनी माझ्यासाठी बाल्कनीचं दार उघडलं, काकूंनी पोहे केले, आणि मी पोहे खाऊन परत आले. त्यांच्या सगळ्या खटाटोपाचं फळ खोट्या सहीवर उभं आहे, हे सांगून त्यांचा तो रविवार कुठल्या तोंडाने काढून घेऊ? आणि न सांगता तरी किती वर्षं समोर बसू? मग मी जाणंच कमी केलं. गेल्या वर्षी काका गेले. मला ऑफिसात कळलं. मी ऑफिसातली खिडकी उघडायला गेले, तर नव्या इमारतीत खिडक्या उघडतच नाहीत.

आता आमच्या ब्लॉकचीही पाळी आली. आजूबाजूचे पडले, तिथे काचेचे टॉवर उभे राहिले, आम्हाला महिनाअखेर घर सोडायचं आहे. सामान बांधताना फाईल खाली आली आणि दोरा कुजलेला होता, तो आपोआप सुटला.

तीस पुठ्ठे क्रमाने लावलेले. एकोणतीसांवर पेन्सिलची तारीख. तेविसाव्यावर निळ्या शाईची, माझ्या अक्षरात. एवढं आंधळं खोटं शिकाऊ माणूसही करत नाही. डावीकडच्या पानावर काकांची टिपणी होती, त्याच दिवसाची.

"पुठ्ठा क्र. २३. तारीख शाईत आहे, माझ्या हातची नाही. मूळ पुठ्ठा उपलब्ध नाही. नळी उघडून पाहिली. आत साय धरून वाट बंद झाली होती. म्हणजे थेंब पडलाच असणार. नळी साफ केली. नियमाने मोजणी पुन्हा पहिल्यापासून हवी, तेवढे दिवस हाती नाहीत. इन्स्पेक्टरीणबाई फार दमलेल्या दिसतात, त्यांना विचारू नये. अट घालणाऱ्या सौ. यांच्याकडे निर्णयासाठी सादर."

खाली काकूंचं गोल, ठसठशीत अक्षर.

"वाचलं. साडी इस्त्री होऊन आली आहे. थेंबाचं काही नाही. पुढच्या रविवारी निघू. तिला काही बोलू नका."

मी खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसले आणि खूप रडले. दहा वर्षं त्यांना फसवल्याचं ओझं वाहिलं, आणि ती दोघं सगळं जाणून माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवत होती. पुढचे सात दिवस काका दाढी करून साडेसहाला उभे राहिले, ते माझ्यासाठी. मी कधीतरी बघेन म्हणून फाईलही दिली. मी बघितली नाही.

मग उठले. जन्मदाखल्याच्या पाकिटातून तो पुठ्ठा काढला. थेंब आता तपकिरी झाला होता, कडेला पसरला होता. कोपऱ्यातली काकांची पेन्सिल मात्र तशीच. तो तेविसाव्याच्या मागे ठेवला, मुलीच्या कंपासमधून पेन्सिल घेतली, आणि काकूंच्या ओळीखाली लिहिलं, "मूळ पुठ्ठा सोबत जोडला आहे." सही केली, आजची तारीख घातली. उद्या शनिवार आहे, फाईल घेऊन फरीदाबादला काकूंकडे जाते.